डोळे मिटण्याची सक्ती नको : आघात सोसलेल्या मनासाठी योग आणि सजगता

दरवर्षी २१ जून रोजी जालना जिल्ह्यातील शाळांच्या पटांगणांवर आणि गावोगावच्या सभागृहांत सतरंज्या अंथरल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये या दिवसाला आंतरराष्ट्रीय योग दिनाचा मान दिला आणि २०१५ पासून तो सर्वत्र पाळला जाऊ लागला. ध्वनिक्षेपकावरून सूचना ऐकू येतात : डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनातील सारे विचार दूर करा, शरीर सैल सोडा. उपस्थितांपैकी बहुतेकांना त्या अर्ध्या तासाने प्रसन्न वाटते, याविषयी शंका नाही. परंतु त्याच रांगेत एखादी भगिनी अशी असते की, डोळे मिटताच तिच्या छातीत धडधडू लागते, घशाला कोरड पडते, येथून उठून निघून जावे असे वाटते. लोक काय म्हणतील या संकोचाने ती बसून राहते. पुढच्या वर्षी ती येत नाही. आपल्याला योग जमत नाही, असा निष्कर्ष तिने मनाशी काढलेला असतो.

वास्तविक तिला न जमण्यासारखे काहीच नसते. तिला दिलेल्या सूचना तिच्यासाठी नव्हत्या, एवढेच. दीर्घकाळ चिंतेने ग्रासलेल्या किंवा मोठा मानसिक आघात सोसलेल्या व्यक्तीला योग आणि सजगतेचा सराव उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी तो सराव कसा द्यावा याचा वेगळा विचार करावा लागतो. तो विचार गेल्या काही दशकांत देशविदेशांत झाला आहे आणि मराठवाड्यातील खेड्यांत काम करणाऱ्या शिक्षकांनी, आशा कार्यकर्त्यांनी, धर्मभगिनींनी व धर्मगुरूंनी तो समजून घेण्यासारखा आहे.

विसावा भीतिदायक का ठरतो?

संकट समोर उभे राहिले की मनुष्याच्या शरीरातील अनुकंपी चेतासंस्था जागी होते. हृदय वेगाने धावते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. संकट टळल्यावर परानुकंपी चेतासंस्थेने हे सारे पूर्ववत करावयाचे असते. पण आघात फार मोठा असेल, किंवा पुन्हा पुन्हा होत राहिला असेल, तर शरीर 'संकट टळले' ही गोष्ट मान्य करीतच नाही. घरातील कुत्र्याने चोर येऊन गेल्यावर महिनोन्महिने पानाच्या सळसळीवरही भुंकत राहावे, तशी त्या व्यक्तीची अवस्था होते. आपल्या खेड्यांत याला कोणी आघातोत्तर तणाव विकार म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो', 'काळजात धस्स होते', 'हातापायांतले बळ जाते', 'झोप लागत नाही', अशा शब्दांत ते सांगितले जाते आणि बहुधा रक्तदाब तपासून, शक्तीची गोळी देऊन व्यक्तीला घरी पाठविले जाते.

अशा माणसाला डोळे हे पहारेकरी वाटतात. ते मिटावयास सांगणे म्हणजे पहारा उठवणे. उताणे झोपणे म्हणजे पोट आणि छाती उघडी टाकणे. शांतता म्हणजे तर आठवणींना मोकळे रान. त्यामुळे ज्या तीन गोष्टींनी इतरांना विसावा मिळतो, त्याच तीन गोष्टींनी याची धास्ती वाढते. चिंताग्रस्त व्यक्तींमध्ये शिथिलीकरणाच्या सरावामुळेच चिंता वाढल्याचे निरीक्षण हाइड आणि बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच नोंदविले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानासंबंधीचे ८३ अभ्यास तपासण्यात आले. त्यांत ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींना काही ना काही प्रतिकूल अनुभव आल्याचे आढळले आणि त्यांत चिंता व खिन्नता यांचे प्रमाण अधिक होते. ही टक्केवारी समुपदेशनासारख्या इतर मानसोपचारांत दिसणाऱ्या प्रतिकूल परिणामांपेक्षा फारशी वेगळी नाही, असेही त्या अभ्यासकांनी म्हटले आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु 'ध्यानाने अपाय होतच नाही' हे विधान मात्र सोडून द्यावयास हवे.

श्वासाची गोष्ट आणखी बारकाईने पाहू. वेगाने आणि जोराने श्वासोच्छ्वास केला की रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. त्यामुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती भरून आल्यासारखी वाटते. धडधाकट माणसाला कपालभाती किंवा भस्त्रिका करताना हे जाणवले तर तो दुर्लक्ष करतो. पण ज्याला भीतीचे झटके येतात त्याला ही लक्षणे तोंडपाठ असतात. झटका सुरू झाला असेच त्याचे शरीर समजते आणि मग तो खरोखरच सुरू होतो. कुंभकाचेही तेच. ज्याने पुरात किंवा विहिरीत बुडता बुडता श्वास कोंडल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला श्वास रोखून धरण्यास सांगणे हे निव्वळ अविचाराचे आहे.

मराठवाड्यातील जखमा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. हे जालन्यापासून दूर घडले असले तरी मराठवाड्याच्या स्मृतीत ती रात्र अजून आहे. झोपेत छप्पर कोसळण्याचा अनुभव ज्याने घेतला, त्याला अंधाऱ्या खोलीत उताणे झोपवून 'शरीर सैल सोडा' म्हणावयाचे का, हा प्रश्न त्या एका उदाहरणावरूनही समजावा.

जालना जिल्ह्यातील आघात बहुधा असे एका रात्रीत येत नाहीत. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण पावसावर आणि मोसंबीवर उभे आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांतील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळून गेल्या. कित्येक वर्षे लेकराप्रमाणे जपलेली झाडे शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने तोडावी लागली. कर्ज, सावकार, नापिकी, त्यातून घरातील कर्त्या माणसाने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेणे, मागे राहिलेल्या पत्नीवर शेती, लेकरे आणि समाजाची कुजबुज यांचा भार पडणे. ऊसतोडीसाठी सहा सहा महिने परमुलखात राहणारी कुटुंबे. पोलाद कारखान्यांतील भट्टीजवळचे अपघात. आणि चार भिंतींआड होणारी मारहाण, जिची नोंद कोठेच होत नाही. या साऱ्यांचा मनावर होणारा परिणाम एकाच मापाने मोजता येणार नाही.

उपचारांची सोय मात्र दीर्घकाळ तुटपुंजी राहिली. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात एकही नाही. जालना येथे असे रुग्णालय स्थापन करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वी २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला होता. त्यात जालन्याचा समावेश होता आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाने खचलेल्या शेतकऱ्यांना ओळखावे अशी त्यातील योजना होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता आणि नैराश्य यांसारख्या सामान्य मनोविकारांनी पीडित असलेल्या दर १०० भारतीयांपैकी ८० हून अधिक जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. अशा परिस्थितीत गावात, विनामूल्य, कोणाच्या नजरेत न येता करता येण्याजोगा सराव मोलाचा ठरतो. तो नीट शिकविला जाणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

साधन माणसासाठी

शरीर पाहून आसन बदलावे, ही गोष्ट महाराष्ट्राने जगाला शिकविली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पुण्यात १९३७ मध्ये आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, लोड, पट्टा, विटा आणि भिंत यांच्या आधाराने आजारी व वृद्ध माणसांनाही आसने साध्य करून दिली. ते स्वतः बालपणी अत्यंत अशक्त होते. कदाचित म्हणूनच दुबळ्या शरीराची अडचण त्यांना आतून कळत असावी.

त्यांचेच शिष्य असलेले मुंबई महाधर्मप्रांतातील फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनची स्थापना केली आणि मद्याच्या व मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांच्या पुनर्वसनात अय्यंगार पद्धतीच्या योगाचा समावेश केला. व्यसनाच्या मुळाशी पुष्कळदा जुना आघात दडलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कार्याचा आपल्या विषयाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. भारत सरकारने २००९ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

योग करावा की न करावा, असा प्रश्न श्रद्धावंतांकडून आजही विचारला जातो. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानासंबंधी एक पत्र प्रसिद्ध केले. पूर्वेकडील पद्धतींमध्ये प्रार्थनेला साहाय्यक ठरणारे घटक असू शकतात हे त्यात मान्य केले आहे आणि शरीराला लाभणारी सुखद शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नये असा इशाराही दिला आहे. आघातग्रस्तांच्या दृष्टीने या इशाऱ्याला एक निराळा अर्थ आहे. ज्याच्या शरीराला शांती लाभत नाही, त्याची श्रद्धा कमी पडली असे कोणी समजू नये आणि त्याला तसे कोणी बोलूही नये.

आज्ञार्थ आणि विध्यर्थ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डेव्हिड एमर्सन यांनी मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक यांच्या आघातोपचार केंद्रात जी योगपद्धती विकसित केली, तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : आघातात माणसाच्या हातून निवड हिरावली जाते, म्हणून योगाच्या प्रत्येक क्षणी ती त्याला परत द्यावयाची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया सहभागी होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग केलेल्या गटातील ५२ टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर तणाव विकाराचे निकष उरले नाहीत. आरोग्यविषयक माहितीच्या वर्गाला गेलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. अभ्यास लहान आहे, हे विसरू नये.

ही निवड मराठीत कशी द्यावी? आपल्या योगवर्गांची भाषा आज्ञार्थी असते. 'डोळे मिटा', 'हात वर', 'थांबा', 'सोडा'. शाळेतील कवायतीपासून आपल्याला त्याची सवय आहे. पण जिच्या घरात रोज हुकूमच चालतो, तिला हा आणखी एक हुकूम वाटतो. त्याऐवजी 'डोळे मिटावेसे वाटले तर मिटावे, नाही तर समोरच्या जमिनीवर नजर ठेवावी', 'हात खांद्यापर्यंत न्यावा किंवा मांडीवरच राहू द्यावा, दोन्ही चालेल' असे म्हणता येते. आज्ञार्थाच्या जागी विध्यर्थ आला की सूचनेचे निमंत्रण होते. मराठीच्या व्याकरणातच ही सोय आहे. ती वापरण्यास काही खर्च येत नाही.

आसनांच्या नावांचाही विचार करावा. शवासन हे नाव शतकानुशतकांचे आहे; पण जिने काही महिन्यांपूर्वी पतीचे शव अंगणात पाहिले, तिला 'आता सर्वांनी शवासनात यावे' असे सांगणे बरे नव्हे. 'आता थोडे विसावू या' एवढेच म्हणावे. साधनांचेही तसेच. अय्यंगार पद्धतीतील दोर आणि पट्टे अन्यत्र उत्तम असतील, परंतु काही घरांत ते भीषण आठवण जागी करतात. तेथे भिंत, पायरी आणि खुर्ची पुरेशी आहे.

आता समजा, एखाद्या गावातील बचत गटाच्या आठदहा स्त्रियांसाठी असा वर्ग घ्यावयाचा आहे. वेळ दुपारची असावी, अंधार पडल्यानंतरची नको. समाजमंदिराचे किंवा शाळेच्या खोलीचे दार उघडे असावे आणि कोणाचीही पाठ दाराकडे होणार नाही अशा रीतीने बसावे. भिंतीला टेकावयाचे असेल तिने टेकावे, खाली बसवत नसेल तिने खुर्ची घ्यावी. मध्येच उठून बाहेर जाण्यास परवानगी लागणार नाही, हे आरंभीच सांगावे. शिकविणारी स्त्री असल्यास उत्तम. आसन सुधारण्यासाठी कोणाच्याही अंगाला हात लावू नये. पाठीमागून तर नाहीच. पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरेत.

आरंभ श्वासाने करू नये. प्रथम कान उघडावेत : एसटीचा भोंगा, शेळीचे ओरडणे, पंख्याची घरघर, शेजारणीच्या बांगड्या. मग डोळे : खोलीत निळ्या रंगाचे काय काय आहे? त्यानंतर पावले. टाच जमिनीवर दाबावी आणि सोडावी. आपण आता येथे आहोत, त्या दिवशी तेथे नाही, ही जाणीव अशी बाहेरून आत येते. पुढे खांदे वर उचलून सोडणे, मान हळू वळविणे, भिंतीला हात टेकून ताडासनात उभे राहणे. उभ्या आसनांचा एक लाभ असा की, त्यांत पायांतील बळ जाणवते. 'हातापायांतले बळ जाते' अशी जिची तक्रार आहे, तिला ते परत येताना जाणवू द्यावे.

श्वासाकडे शेवटी वळावे आणि तेही उच्छ्वासाच्या बाजूने. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब झाला की हृदयाची गती मंदावते, कारण त्या वेळी परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो. हे साधण्यासाठी आकडे मोजण्याची गरज नाही. गरम चहावर फुंकर घालावी तशी फुंकर घालावयाची, किंवा चुलीतला निखारा विझू न देता फुंकणीने जागा करावा तशी, हळू आणि सलग. खेड्यातील स्त्रीला हे कोणी शिकवावे लागत नाही. भ्रामरीचा गुंजारवही याच कारणाने उपकारक आहे. मात्र अंगठ्यांनी कान आणि बोटांनी डोळे झाकण्याचा भाग गाळावा. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक या वर्गात नकोतच.

जपमाळेशी परिचित असलेल्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधक लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधून रोझरीची प्रार्थना म्हटली व एक बौद्ध मंत्रही म्हटला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आली आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. आजीबाई माळ ओढताना शांत का होतात, याचे एक शारीरिक कारण त्यातून कळते. प्रार्थनेचे सारे रहस्य त्यात आले असे अर्थातच नव्हे.

सजगता : थोडी आणि हाताशी

माइंडफुलनेस हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांतही रुळला आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून हा सराव रुग्णालयांत आला. त्याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. महाराष्ट्रात सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरी येथे उभारलेले धम्मगिरी केंद्र याच परंपरेतील आहे. तेथील शिबिर दहा दिवसांचे आणि संपूर्ण मौनाचे असते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी ते योग्य नाही, हे स्वतः ती संस्थाही सांगते आणि अर्जातच त्याविषयी विचारणा करते. ज्याचा आघात ताजा आहे त्याने सजगतेचा प्रारंभ दहा दिवसांच्या मौनाने करू नये, असे आमचेही मत आहे.

फादर अँथनी डिमेलो यांचे नाव येथे येणे स्वाभाविक आहे. पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यास गेलेल्या त्यांच्या 'साधना' संस्थेने आणि १९७८ च्या त्याच नावाच्या पुस्तकाने असंख्य धर्मगुरू व धर्मभगिनींना ध्यानाची दीक्षा दिली. त्यांच्या काही लेखनाविषयी धर्मसिद्धांत मंडळाने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली, हे वाचकांना ठाऊक असेल. आपला विषय केवळ सरावाच्या क्रमाचा आहे. त्या पुस्तकात साधक मौनापासून शरीरातील संवेदनांकडे आणि मग श्वासाकडे जातो. निरोगी साधकासाठी तो क्रम ठीकच आहे. परंतु ज्याच्या शरीरातच भीती साठलेली आहे, त्याला शरीरात डोकावणे हे सर्वांत अवघड. त्याने बाहेरच्या आवाजापासून आरंभ करून हातापर्यंत यावे, आणि छातीपोटाकडे वळण्याची घाई करू नये.

हाताची सजगता आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वापार आहे. मेथीची जुडी निवडताना एकेका पानाचा देठ बोटांना लागू देणे, सुपात धान्य पाखडताना त्याचा आवाज ऐकणे, शेताच्या बांधावरून चालताना पावलाखालची माती बदलते ते पाहणे. दोन मिनिटे लक्ष तेथे राहिले तरी सराव झाला. विचार येतच राहणार. मन कोरे करावयाचे नसते. ते भरकटले हे ध्यानात आले की पुन्हा त्या पानाकडे यावयाचे असते. 'विचार काढून टाका' या सूचनेने जितके लोक निराश झाले असतील, तितके दुसऱ्या कोणत्याही सूचनेने झाले नसतील. याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून दोनशेहून अधिक श्लोक रचले. मन एका सूचनेत ऐकणारे असते, तर एवढ्या श्लोकांचे प्रयोजन पडले नसते.

बिनसले तर

सर्व काळजी घेऊनही एखादीचा तोल जाऊ शकतो. नजर एका जागी थिजते, चेहरा पांढरा पडतो, श्वास भराभर होतो, किंवा उलट ती अगदी सुन्न होऊन उत्तर देईनाशी होते. अशा वेळी भोवती गर्दी करू नये. समोरून, ओळखीच्या नावाने, शांत आवाजात हाक मारावी. डोळे उघडे ठेवण्यास, पाय जमिनीवर दाबण्यास, दिसणाऱ्या वस्तूंची नावे घेण्यास सुचवावे. जमल्यास हळूहळू चालू द्यावे, पाणी द्यावे. काय आठवले, असे विचारू नये. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल. गावाकडे अशा अवस्थेला 'अंगात आले' किंवा 'बाहेरचे झाले' म्हणण्याची आणि देवऋष्याकडे नेण्याची प्रथा आहे. तेथे कधी कधी मारहाणही होते, आणि आघातावर आणखी एक आघात होतो.

योगाने नेमके किती साधते, याविषयी अतिशयोक्ती करू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील छावण्यांत राहणाऱ्या १८३ आपद्ग्रस्तांवर श्वसनाधारित योगाचा अभ्यास झाला आणि तणाव व खिन्नता पुष्कळ कमी झाल्याचे २०१० मध्ये नमूद करण्यात आले. पण गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते. २००८ च्या बिहार पुरानंतर शर्ली टेलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ पुरुषांना घेऊन केलेल्या अभ्यासात, एक आठवडा योग केलेल्यांची उदासी घटली, तर काहीच न केलेल्यांची चिंता वाढली. निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु आठवडाभराच्या योगाने आघात पुसला जातो असे त्यांतून सिद्ध होत नाही. विदर्भातील अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' उपक्रमाने दाखविलेली वाट अधिक बोलकी आहे. तेथे गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलणे सुरू केले आणि उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. योगवर्ग हा अशाच संवादाचा एक दरवाजा होऊ शकतो. बचत गटाच्या वर्गात नियमित येणारी भगिनी एके दिवशी 'रात्री झोप नाही' असे म्हणते, तेव्हा ते ऐकणारे कान तेथे असावेत आणि पुढे कोठे पाठवावयाचे हे त्या कानांना ठाऊक असावे.

पुढे पाठवावयाचे ते केव्हा? दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडालेली असेल, घरची कामे सुटत चालली असतील, दारू वाढली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे शब्द तोंडी येत असतील, तर योगाची वाट पाहत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा थेट जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. कोणी जीव देण्याविषयी बोलत असेल तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी न्यावे. असा प्रयत्न एखाद्याने केला असेल तर पोलिसांच्या भीतीने कुटुंबीय ते लपवितात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर आहे. चालू असलेली औषधे योगाने बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी केली जातात. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.